पाकिस्तान सीमेवरचं अटारी (पंजाब) किंवा बांगलादेश सीमेवरचं पेट्रापोल (पश्चिम बंगाल) यांच्यासारखे सीमानाके सुधारायला पैसा कोण देतं, केंद्र की राज्य?

केंद्र सरकार. हा खर्च गृह मंत्रालयाच्या अंदाजपत्रकातून होतो आणि काम भारतीय भू-बंदर प्राधिकरणाकडे असतं. २०१० च्या कायद्याने स्थापलेलं हे प्राधिकरण २०१२ मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी अटारीचा एकात्मिक तपासणी नाका उघडला. 'एकात्मिक' म्हणजे कस्टम्स, इमिग्रेशन, गोदाम, वजनकाटा, ट्रकचं पार्किंग हे सगळं एकाच कुंपणात. आधी हीच कामं विखुरलेल्या कचेऱ्यांत चालायची आणि ट्रक रस्त्यावर उभे राहायचे. नाका सुरू झाला की पार्किंग, गोदाम, मालहाताळणी यांचं शुल्क प्राधिकरणच घेतं, त्यामुळे थोडी कमाईही होते. कस्टम्सचे अधिकारी मात्र अर्थ मंत्रालयाचे, त्यांचा पगार या खात्यात शोधू नका.

एक अपवाद लक्षात ठेवा: नेपाळच्या हद्दीतले बीरगंज आणि बिराटनगरचे नाकेही भारताच्याच पैशाने बांधलेत, पण तो निधी परराष्ट्र मंत्रालयाच्या मदतीचा.

आणि नाक्याला निधी मिळाला म्हणजे रांग संपली असं नाही. पेट्रापोलला जाणारा जेसोर रोड अरुंद, दोन्ही बाजूंना जुनी प्रचंड झाडं. ती तोडायची की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कुंपणाच्या आत चकाचक टर्मिनल, बाहेर ट्रकांची रांग. रस्त्याचा पैसा वेगळ्या खात्यातून येतो, आणि काम बहुधा तिथेच अडतं.