प्रत्येक प्रोसेसरसाठी ओपनब्लासचं वेगळं पॅकेज करावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नव्या लॅपटॉपवर ओपनब्लास (मॅट्रिक्सचं गणित जलद करणारी लायब्ररी) कंपाइल करून डेब (डेबियन लिनक्सचं पॅकेज) बनवलं, कॉलेजच्या लॅबमधल्या सगळ्या डेबियन मशीनवर टाकलं, आणि निम्म्या ठिकाणी ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ (प्रोसेसरला न येणारी सूचना) येतंय. आता प्रोसेसरागणिक वेगळं डेब करायचं का?

नका करू. मीही सोलापुरात अशीच खिचडी लॅब सांभाळतो, आणि हा उद्योग करून बसलोय.

ओपनब्लासला काही न सांगता बिल्ड केलं, की ते समोरचा प्रोसेसर बघतं आणि त्याच्याच मापाने कापड बेततं. तुमच्या लॅपटॉपला एव्हीएक्स2 (एकदम अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचनांचा संच) येतं, म्हणून त्याच सूचना डेबमध्ये गेल्या. डेबियनचं एएमडी64 (64-बिट इंटेल-एएमडी मशीनसाठीची आवृत्ती) मात्र एसएसई2 या जुन्या सूचनासंचाच्या पुढचं काही गृहीत धरत नाही. वैताग असा, की प्रोग्राम सुरू होतो. ऑक्टेव्ह (गणिताचा प्रोग्राम) उघडतं, दोन अधिक दोन चार सांगतं, आणि 500 बाय 500 चे दोन मॅट्रिक्स गुणायला दिले की जागीच आडवं. आणि ‘आमची मशीन काही फार जुनी नाहीत’ यावर विसंबू नका. पेंटियम जी4400 हा 2015 चा, स्कायलेक पिढीतला, तरी त्याला एव्हीएक्स नाही. खरेदीची पावती बघण्यापेक्षा ‘एलएससीपीयू’ ही कमांड चालवून फ्लॅग (प्रोसेसरला काय काय येतं त्याची यादी) बघा.

माझी चूक याहून मोठी होती. मी अ‍ॅटलास (ओपनब्लाससारखीच दुसरी लायब्ररी) घेतलं होतं. ते बिल्ड होतानाच शेकडो प्रकारे गुणाकार करून वेळ मोजतं आणि सगळ्यात जलद निघालेला कोड ठेवतं. मोजणी खरी यायची तर प्रोसेसरचा वेग स्थिर हवा. मी ते मे महिन्यात, पत्र्याखालच्या खोलीत, दुपारी लावलं! बाहेर बेचाळीस डिग्री, पंखा गरम वारा फेकतोय, आणि तापलेला प्रोसेसर मधूनच वेग कमी करतोय. मोजणी सगळी बोंबलली. रात्री तेच पुन्हा लावलं तर निकाल वेगळाच. डेबियनसारख्यांना अ‍ॅटलास जड का गेलं, हे तेव्हा कळलं: पॅकेज बनतं त्यांच्या बिल्ड मशीनवर, चालतं तुमच्या-माझ्या घरी. शिंप्याने स्वतःचं माप घेऊन गावाला सदरे शिवावेत, तसं.

ओपनब्लासमध्ये यावर ‘डायनॅमिक आर्च’ नावाचा पर्याय आहे. एकाच लायब्ररीत नेहालेम, सँडीब्रिज, हॅसवेल, झेन अशा सगळ्या प्रोसेसर-पिढ्यांच्या मापांचे गुणाकार भरलेले असतात आणि चालू होताना प्रोसेसर ओळखून योग्य तो उचलला जातो. फाइल जाड होते, होऊ द्या. स्वतः बिल्ड करणार असाल तर सोबत ‘टार्गेट’ जेनेरिक द्या, नाहीतर सामाईक भाग पुन्हा तुमच्या लॅपटॉपच्याच मापाचा होण्याची भीती. पण खरं सांगू? डेबियनचं तयार पॅकेज असंच बनवलेलं आहे. तुमचं डेब काढा, ‘लिबओपनब्लास0-पीथ्रेड’ टाका, आणि ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ या कमांडने लिबब्लास आणि लिबलापॅक (प्रोग्राम गणितासाठी ज्या नावांनी लायब्ररी शोधतात ती) दोन्ही तिकडेच वळलेत ना तेवढं बघा.

तपासायला ‘ओपनब्लास_व्हर्बोज’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 2 ठेवून ऑक्टेव्ह चालवा, कुठला कोअर (कुठल्या पिढीचं माप) निवडला ते छापून येतं. ‘ओपनब्लास_कोअरटाइप’ला नेहालेम दिलं तर नव्या मशीनवरही जुना कोड चालवता येतो. दोन्हींचा वेळ शेजारी शेजारी दाखवला की पोरं पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवतात.

एक राहिलं. पोरांनी पिपने (पायथनच्या स्वतःच्या इन्स्टॉलरने) टाकलेलं नमपाय (पायथनची गणिताची लायब्ररी) स्वतःचं ओपनब्लास बरोबर घेऊन येतं. तुम्ही सिस्टिममध्ये काहीही बदला, त्याला पत्ता नसतो. ‘सर, फरकच पडत नाही’ असं कुणी म्हणालं, तर आधी विचारा, नमपाय एपीटीचं (डेबियनच्या इन्स्टॉलरचं) की पिपचं.