नगरसेवकपदाचा उमेदवार ‘गुन्हेगारीमुक्त प्रभाग’ करू म्हणतोय, त्यावर विश्वास ठेवून मत द्यावं का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडचा एक उमेदवार पत्रकात दोनशे कॅमेरे, नवी पोलीस चौकी, रात्रीची गस्त आणि कोयता गँगचा बंदोबस्त असं सगळं देतोय, आणि यातलं नगरसेवकाच्या हातात किती असतं हे तुम्हाला हवंय. मी पण पुण्यातच, कात्रजच्या बाजूला राहते. कॅमेऱ्याचं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय.

फेब्रुवारी २०२२ ची गोष्ट. आई संध्याकाळी सव्वासातला कोपऱ्यावरून मेथीची जुडी घेऊन येत होती. मागून दोघं गाडीवर आले, मागच्याने मंगळसूत्राला हात घातला. आईने ते घट्ट धरून ठेवलं त्यामुळे ती आठदहा पावलं फरपटत गेली. घरी आली तेव्हा मानेवर लाल वळ, कोपर सोललेलं आणि उजवी मूठ गच्च मिटलेली, ती काही केल्या उघडेना. मी एकेक बोट सोडवलं तर आत एक वाटी आणि चार काळे मणी. बाकी सगळं गेलं. बाबांनी रिटायर झाल्यावर करून घेतलेलं तीन तोळ्यांचं होतं.

चौकीत गेलो तर आधी म्हणाले गहाळ झाल्याची नोंद करून घेतो. आईच्या मानेवरचा वळ समोर दिसतोय आणि गहाळ! मी वकिलांकडे टायपिंगचं काम करते, त्यामुळे दखलपात्र गुन्हा (म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) सांगितला की एफआयआर घ्यावीच लागते, २०१३ चा सुप्रीम कोर्टाचा ललिता कुमारी निकाल आहे, हे मला पाठ होतं. मी अडून बसले. तीन तास लागले पण एफआयआर झाली. (आता नव्या न्याय संहितेत हिसकावून नेण्याला कलम ३०४ वेगळंच आहे, कुणावर वेळ आली तर लक्षात ठेवा, गहाळ लिहून देऊ नका.)

मग पोलीस म्हणाले फुटेज आणा. घटना घडली तिथून पंचवीस पावलांवर खांबाला कॅमेरा होता, खाली पाटी, हात जोडलेला फोटो, नगरसेवकांच्या प्रयत्नातून वगैरे. माझा मोठा भाऊ त्याच नगरसेवकांचं काम करायचा, तोच आम्हाला संपर्क कार्यालयात घेऊन गेला. रेकॉर्डिंगचा डबा कपाटात खालच्या कप्प्यात, त्यावर जुन्या मतदार याद्यांचा गठ्ठा. तो काढून टीव्हीला जोडला आणि लागलं काय तर आमचीच गल्ली, पोरं फुलबाज्या फिरवतायत आणि कोपऱ्यात तारीख ऑक्टोबर २०१९. त्यानंतर काहीच नाही. आई एवढंच म्हणाली, तो बघ आपला आकाशकंदील.

नंतर कळलं की ड्रेनेजसाठी रस्ता खोदला तेव्हा वायर तुटली, देखभालीचं कंत्राट एकच वर्षाचं होतं आणि ते संपलेलं, म्हणून कुणी परत जोडलीच नाही. सव्वादोन वर्षं आख्खी गल्ली समजत होती की आपल्यावर कॅमेऱ्याची नजर आहे. आणि त्याच खांबावरचा दिवा सव्वीस दिवस बंद होता, मी स्वतः दोनदा तक्रार केलेली. पुढच्याच महिन्यात, मार्च २०२२ ला, पालिकेची मुदत संपून प्रशासक आले आणि साहेब म्हणाले आता मी माजी आहे, माझ्या हातात काही नाही.

आता तुमचा प्रश्न. पोलीस राज्य सरकारच्या गृह खात्याकडे आहेत. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरी स्थानिक संस्थांसाठी १८ विषय दिलेत, त्यात रस्त्यावरचे दिवे आहेत, पोलीस नाहीत. म्हणजे गस्त त्याच्या हातात नाही, चौकीला फार तर पालिकेची जागा मिळवून देईल पण आत बसणारी माणसं तो आणू शकत नाही, त्यासाठी पोलीस आयुक्तांकडे पाठपुरावाच करावा लागतो. कोयता गँगचा बंदोबस्त तर अजिबात नाही. उरले दिवे, अर्धवट पडलेल्या इमारती, पडीक प्लॉट, बोळातली झाडी, मैदानं, अभ्यासिका. हे सगळं त्याचं काम आहे आणि माझ्या मते सुरक्षिततेचं निम्मं काम हेच आहे, पण पत्रकात दिवा छापला तर मतं मिळत नाहीत म्हणून कॅमेरे छापतात.

त्याला विचारायचंच असेल तर हे विचारा की बीटचे पोलीस, म्हणजे आपला भाग ज्यांच्याकडे नेमून दिलाय ते, आणि वस्तीतली माणसं महिन्यातून एकदा समोरासमोर बसतील का आणि त्या बैठकीला तो स्वतः येईल का. हे काही स्वप्नरंजन नाही. भिवंडीत १९८४ ला केवढी हिंदू-मुस्लिम दंगल झाली होती, तिथे १९८८ च्या सुमाराला सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त असताना त्यांनी मोहल्ला कमिट्या बसवल्या, पोलीस आणि दोन्ही समाजाची साधी माणसं एकमेकांना नावाने ओळखायला लागली आणि १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. तिथे काय दोनशे कॅमेरे होते? माणसं होती.

आणि कोयत्याचं म्हणाल तर गल्लीतल्या गाड्या फोडणारी पोरं सोळा-सतरा वर्षांची असतात, त्यांच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स कोण लावतं ते बघा. तुमच्या उमेदवाराच्या फ्लेक्सवर खालच्या ओळीत जे बारीक फोटो असतात ते नीट बघा, ओळखीचं कुणी निघतंय का. त्याचं शपथपत्रही वाचा, गुन्हे त्यात लिहावेच लागतात.

अर्थात नुसता गुन्हा दाखल आहे म्हणून माणूस वाईट असं नाही, आंदोलनाच्या केसेस तर चांगल्या कार्यकर्त्यांवर पण असतात. आणि कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही, चालू असतील तर पोलिसांना तपासात फार उपयोग होतो. फक्त तिसऱ्या वर्षी त्यांच्या देखभालीचे पैसे कोण भरणार आणि फुटेज कुणाच्या कपाटात राहणार हे आत्ताच लिहून घ्या.

अजून एक, आमच्याकडे दिव्याच्या खांबाला नंबर रंगवलेला असतो, तुमच्याकडेही बघा. गल्लीतल्या बंद खांबांचे नंबर टिपा, ती चिठ्ठी उमेदवाराच्या हातात द्या आणि चार दिवसांनी रात्री चक्कर मारा. मी या वेळी आमच्याकडे आलेल्या तिघांना दिली. एकाने परत फोन केला, दोन दिवे लागले. माझं मत त्याला, पक्ष कुठला का असेना.

दादा यावरून माझ्याशी अजून धड बोलत नाही. त्या रात्री तो आईला म्हणाला होता, साहेबांनी कॅमेरा दिला, अजून काय करायचं त्यांनी, तूच कशाला अंधाराची दागिना घालून बाहेर पडलीस. दादा, तू हे वाचत असशील तर ऐक, सव्वासात म्हणजे काही रात्र नव्हे आणि अंधार आईने केलेला नव्हता. ती आता साडेपाचलाच भाजी आणून ठेवते आणि गळ्यात नुसती काळी पोत घालते. ती वाटी तिने देव्हाऱ्यात ठेवलीय.