दिवाळीपूर्वी गल्लीतील लहानथोरांनी एकत्र बसून आकाशकंदील करायचे असल्यास संध्याकाळ कशी आखावी?

वसुबारसेच्या आधीचा रविवार निवडावा. आश्विन वद्य द्वादशीला सण सुरू झाला की फराळाच्या धांदलीत कोणालाच सवड उरत नाही. चार-चार जणांच्या गटाने एकच चौकोनी कंदील करावा. त्याच्या सांगाड्याला एकेक फुटाच्या 12 कामट्या लागतात आणि त्या बुरुडाकडून आधीच तासून आणल्या, तर मुलांच्या हाती सुरी द्यावी लागत नाही. मैद्याची खळ दुपारीच शिजवून गार करावी, कारण गरम व पातळ खळीने पतंगाचा कागद चटकन फाटतो. रंगीत कागदासाठी कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर एक फेरी मारावी. शेपट्या मात्र मुलांनाच कापू द्याव्यात. वेड्यावाकड्या झाल्या तरी मला त्याच अधिक प्रिय वाटतात. आत पणती न ठेवता कमी वॅटचा एलईडी दिवा लावावा आणि त्यापूर्वी कंदील रात्रभर वाळू द्यावेत.