इंदुरातले सायकलवाले फिरायला निघालेल्या माणसांच्या अंगावर का येतात?

तुम्ही लिहिलंय की राजेंद्रनगरला राहायला येऊन चार महिने झालेत. सकाळी आईंना घेऊन फिरायला निघता तेव्हा सायकलवाले मागून घंटी वाजवत अगदी खेटून जातात. मोठ्या रस्त्यावर ते सिग्नलला थांबत नाहीत, उलट्या बाजूने येतात आणि बोललं तर वर तुम्हालाच ऐकवतात. 'याचं उत्तर सायकल चालवणाऱ्यानेच द्यावं' असंही तुम्ही म्हटलंय. मी देते. मी तुमच्याच भागात राहते, शाळेत गणित शिकवते आणि २०१४ पासून शाळेत सायकलनेच जाते. तुमच्या आईंना ज्याची भीती वाटते, ते माझ्या हातून एकदा घडलेलं आहे. म्हणून सुरुवात तिथून करते.

ऑगस्टमधली सकाळ होती, रात्रभर पाऊस पडून नुकताच थांबला होता. आमच्या गल्लीतले एक काका पूजेला फुलं तोडून परत येत होते. एका हातात फुलांचा स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात मिटलेली छत्री. मला उशीर झाला होता. मी लांबूनच दोनदा घंटी वाजवली आणि त्यांच्या उजवीकडून जायला निघाले. काकांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. घंटी उजवीकडून आली असं त्यांना वाटलं, पण मी नेमकी कुठे आहे हे कळेना, म्हणून ते वळून बघायला गेले आणि वळता वळता उजवीकडेच सरकले. मी ब्रेक दाबला. चाकाच्या कडा ओल्या होत्या, रबर नुसतं घसरत राहिलं. हँडलचं टोक त्यांच्या कोपराला लागलं. धक्का फार मोठा नव्हता, पण काका हात टेकून पडले आणि मनगट मोडलं. डबा घरंगळत नालीपर्यंत गेला, आणि पारिजातकाची फुलं चिखलात पडलेली मला अजून दिसतात.

सहा आठवडे प्लास्टर होतं. दवाखान्याचा खर्च मी दिला. सायकलला विमा सहसा नसतो, त्यामुळे अशा वेळी सगळं दोन घरांच्या भलेपणावर चालतं. काका एका शब्दानेही बोलले नाहीत. काकू मात्र बोलल्या. मी भाजी द्यायला गेले होते, तेव्हा पिशवी हातात घेऊन त्या म्हणाल्या, "घंटी वाजवलीस म्हणजे वाट तुझी झाली का गं?"

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर काकूंच्या त्या वाक्यात आहे. आम्हा सायकलवाल्यांच्या मनात एक वाक्य घर करून बसलेलं असतं: सायकलच तर आहे. सिग्नल लाल आहे? सायकलच तर आहे, निघून जाऊ. फुटपाथवर चढली? सायकलच तर आहे. रात्री दिवा नाही? हेच. मोटारीपुढे आपण इतके लहान असतो की आपल्यामुळेही कुणाला इजा होऊ शकते हे डोक्यातच येत नाही. दिवसभर आपण घाबरून चालवतो, म्हणून आपण घाबरवतोही, हे पटत नाही.

त्या अपघातानंतर मी हा हिशेब फळ्यावर मांडला आणि आता दर वर्षी नववीच्या मुलांकडून करून घेते. ताशी २० किलोमीटर वेगाने सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून बोटं ब्रेकवर घट्ट होईपर्यंत एक सेकंद तरी जातोच. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, दोन्ही ब्रेक नीट असताना, थांबायला आणखी चारेक मीटर लागतात. म्हणजे जवळपास दहा मीटर, माझ्या वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. फक्त मागचा ब्रेक लागत असेल, तर शेवटचे चार मीटर साधारण दुप्पट होतात, कारण ब्रेक दाबला की वजन पुढे येतं आणि मागचं चाक हलकं होऊन घसरतं. आपल्याकडच्या किती सायकलींचा पुढचा ब्रेक चालू असतो, ते एकदा सायकलस्टँडवर जाऊन दाबून बघा. आमच्या शाळेच्या स्टँडवर मी बघितलं आणि मला झोप लागली नाही.

माराचंही तसंच. ताशी २० च्या वेगाने कशावर आदळणं म्हणजे दीड मीटर उंचीवरून पडण्यासारखं आहे. ३० च्या वेगाला ती उंची साडेतीन मीटर होते, म्हणजे पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली. वेग दीडपट आणि मार सव्वादोनपट. सत्तरीच्या माणसाला तर नुसतं दचकून पडणंही पुरतं.

आता मोठ्या रस्त्यावरचं. माझ्या मते इंदुरात सर्वांत वाईट खोड उलट्या बाजूने येण्याची आहे. संध्याकाळी भंवरकुआंच्या आसपास कोचिंग सुटलं की हे रोज दिसतं. बाहेरगावाहून शिकायला आलेली मुलं, दोन्ही कानांत इअरफोन, सायकलला दिवा नाही, रिफ्लेक्टर केव्हाच तुटलेला, आणि डिवायडरला लागून समोरून येतात. त्यांचं म्हणणं असतं की समोरून आलं म्हणजे गाडी दिसते. पण स्कूटर ४० ने येतेय आणि सायकल १५ ने समोरून येतेय, तर अंतर ५५ च्या वेगाने संपतं. त्याच दिशेने जात असती, तर २५ ने संपलं असतं. तीस मीटर अंतर असेल तर स्कूटरवाल्याच्या हातात चारऐवजी दोनच सेकंद उरतात, तेही अंधारात, काळा शर्ट घातलेल्या मुलासाठी. नौलख्याजवळ अशा एका मुलाला चुकवायला स्कूटरवरच्या बाईंनी झटकन डावीकडे घेतलं आणि डावीकडे मी होते. आम्ही दोघी पडलो. गुडघे सोलवटले, बाकी काही झालं नाही. मुलगा वळूनही न बघता निघून गेला. त्याला कळलंच नसणार. मागे काय झालं हे ऐकायला कान मोकळे लागतात.

सगळ्यांना एकाच मापाने मोजायला मात्र मी तयार नाही. पहाटे चोइथराम मंडीतून दोन्ही बाजूंना भाजीची पोती बांधून निघालेला माणूस, किंवा फावडं-घमेलं घेऊन कामावर चाललेला मजूर उलट्या बाजूने येतो, तेव्हा डिवायडरमधला पुढचा कट, म्हणजे पलीकडे जायची फट, किती लांब आहे तेही बघायला हवं. डिवायडरमधले कट बंद होत गेले आणि पलीकडे जायला तेवढा लांबचा फेरा पडायला लागला. मोटारीला तो जाणवत नाही, पण पन्नास किलो ओझं ओढणाऱ्याच्या मांड्यांना जाणवतो. सायकलवाल्यांना जागा देण्याचं वचन या शहराने एकदा दिलंही होतं. २०१३ मध्ये ए. बी. रोडवर बीआरटीएस, म्हणजे बसगाड्यांसाठी राखीव मार्ग, सुरू झाला, निरंजनपूरपासून राजीव गांधी चौराह्यापर्यंत साधारण साडेअकरा किलोमीटर. मधून बसगाड्या आणि कडेने सायकल ट्रॅक अशी आखणी होती. त्या ट्रॅकवर मी कधी सलग दोनशे मीटर सायकल चालवल्याचं मला आठवत नाही. उभ्या मोटारी, ठेले, दुकानांच्या पाट्या आणि मध्येच विजेचा खांब. २०२५ मध्ये तो बीआरटीएसच काढायला घेतला. जागा अशी गेली की सायकलवाला एकदा मोटारींत घुसतो आणि एकदा फुटपाथवर चढतो. फुटपाथवर तुमच्या आई असतात.

हे कारण झालं. सबब म्हणून मी ते कधी वापरणार नाही. रस्ता ज्याने वाईट बांधला तो मोकळाच राहतो आणि सोसावं काकांना लागतं.

सुपर कॉरिडॉर या रुंद रस्त्यावर रविवारी पहाटे सायकलने जाणाऱ्या हौशी गटांची गोष्ट वेगळी. यांच्याकडे पैसा आहे, हेल्मेट आहे, माहितीही आहे. तरीही तिघे-चौघे आडवे चालतात, मोबाइलवरच्या ॲपमध्ये आपली वेळ सुधारावी म्हणून सिग्नलला थांबत नाहीत, आणि हँडलवरचा लखलखता पांढरा दिवा समोरच्याच्या थेट डोळ्यांत मारतात. मीही दोन वर्षं एका गटाबरोबर जात होते. फिरायला आलेल्या बायकांवर आमच्यातला एक जण ओरडला, 'बाजू हटो!', आणि बाकीचे हसले. त्या रविवारनंतर मी गेले नाही. शर्यत करायचीच असेल तर ती सकाळी फिरणाऱ्यांच्या वाटेवर करू नये, एवढं सांगायला नियमाचं पुस्तक लागत नाही.

एक धोका सायकलवाला स्वतःवर ओढवून घेतो, तोही सांगते, कारण यात जीव जातो. चौराह्यावर डावीकडे वळणाऱ्या बस किंवा ट्रकच्या डाव्या अंगाने पुढे घुसणं. ड्रायव्हरला तो कोपरा दिसत नाही. लांब गाडी वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतून वळतात. सुरुवातीला जी मोकळी जागा दिसते ती वळता वळता बंद होते. गीताभवन चौराह्यावर मी रोज बसच्या मागे थांबते आणि रोज कुणीतरी मुलगा माझ्या शेजारून त्या फटीत शिरतो. मी ओरडते. कधी ऐकतात, कधी नाही.

कायद्याचं तुम्ही विचारलंय. १९८८ चा मोटार वाहन कायदा इंजिनावर किंवा मोटरवर चालणाऱ्या वाहनांपुरता आहे. सायकलला लायसन्स नाही, नंबर प्लेट नाही, म्हणून चालानही सहसा होत नाही. पण सायकलवाल्याला काहीच लागू नाही हा समज चुकीचा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, म्हणजे पूर्वीच्या दंडविधानातलं २७९, सार्वजनिक रस्त्यावर कोणतंही वाहन बेदरकारपणे चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याबद्दल आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात इंजिनाची अट नाही. दुसऱ्या देशांनी तर याहून पुढे पाऊल टाकलंय. नेदरलँड्समध्ये सायकल चालवताना मोबाइल हातात धरायला जुलै २०१९ पासून बंदी आहे. जपानने नोव्हेंबर २०२४ पासून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद केली. ही दोन्ही सायकलींची माहेरघरं आहेत. सायकल जिथे गंभीरपणे घेतली जाते, तिथे तिच्याकडून जबाबदारीचीही अपेक्षा असते.

मी स्वतः काय बदललं? वयस्कर माणूस पुढे असेल तर आता घंटी वाजवत नाही. वेग चालण्याइतका करते आणि तोंडाने सांगते, 'काका, तुमच्या उजवीकडून जातेय'. माणसाचा आवाज कुठून येतोय ते कळतं आणि शब्दाला अर्थ असतो, घंटी नुसती दचकवते. गल्ली अरुंद असेल तर उतरून सायकल हाताने नेते. पावसात थांबायच्या जागी पोचण्याआधीच दोन-तीनदा हलका ब्रेक लावून चाकांच्या कडा पुसून घेते. मागे लाल दिवा, पुढे पांढरा, तोही रस्त्याकडे झुकवलेला. उभ्या मोटारींच्या रांगेपासून हातभर नाही, चांगली मीटरभर लांब राहते, कारण दार कधी उघडेल सांगता येत नाही. आणि लाल सिग्नलला थांबते, पहाटे रस्ता रिकामा असला तरी. या सगळ्याने शाळेत पोचायला मला सहा मिनिटं जास्त लागतात. मोजली आहेत.

आता तुमच्या आईंसाठी. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने चाला, म्हणजे त्या कडेची वाहनं समोरून येताना दिसतील. आईंना आतल्या बाजूला ठेवा. मागून घंटी आली तर बाजूला उडी मारू नका, वळूनही बघू नका. आहे त्या रेषेत, आहे त्या चालीने चालत राहा. सायकलवाला तुमची रेषा बघूनच आपली वाट ठरवत असतो, आणि काका रेषेत राहिले असते तर मी निघून गेले असते. चूक माझीच होती, तरी हे सांगते, कारण उद्या येणारा सायकलवाला कसा असेल ते आपल्या हातात नाही. बोलायचं झालं तर तो थांबलेला असताना बोला, आणि आईंकडे हात करून, 'भैया, इनको कम सुनाई देता है' एवढंच म्हणा. आईंना नीट ऐकू येत असलं तरी म्हणा. मी हे करून पाहिलंय. शिकवण दिली की मुलं भांडतात, हे ऐकलं की ओशाळतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर हळू येतात.