लग्नात कॅमेऱ्यापासून एलईडी वॉलपर्यंत ४० मीटर एचडीएमआय केबल चालेल, की एसडीआयच घ्यावं?

एचडीएमआय साधी तांब्याची असेल तर नाही चालणार; एसडीआय, म्हणजे टीव्ही स्टुडिओवाले वापरतात ती व्हिडिओ जोडणी, घ्या. जो चालते म्हणतो, त्याने ती भर मांडवात, वऱ्हाडाच्या पायाखालून टाकून बघावी.

मी जळगाव-धुळे भागात लग्नांचं व्हिडिओ मिक्सिंग करतो. मेव्हणा भागीदार. चोपड्याकडच्या एका लग्नात वॉल मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला होती. मी एसडीआय केबलचा ड्रम गाडीत टाकला तर हा म्हणे, "इतला खर्च कसाले? सोन्याच्या पिनवाली लांब एचडीएमआय लई ठेवेल शे." हळदीला चित्र झकास आलं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि वॉलवर पांढरे ठिपके चमकायला लागले, मग वॉल काळी. चित्र परत यायचं, पण प्रत्येक वेळी कॅमेरा आणि वॉलचा प्रोसेसर नव्याने एकमेकांना ओळखणार, त्यात तीन-चार सेकंद जाणार. नवरीचे मामा थेट माझ्यासमोर येऊन उभे. मी ड्रम उघडला, दोन्ही टोकांना कन्व्हर्टर (एचडीएमआयचं एसडीआय आणि परत उलट करणारे डबे) लावले, बीएनसी (एसडीआयची लॉक होणारी पिन) फिरवून घट्ट केली. पाठवणीपर्यंत चित्र हललं नाही.

डिजिटल सिग्नल जुन्या व्हीजीएसारखा हळूहळू अंधुक होत नाही. शेवटपर्यंत चकाचक दिसतो आणि मग एकदम तुटतो, म्हणून घरी केबल तपासून काही कळत नाही. एचडीएमआय २००२ साली आली ती घरच्या टीव्हीसाठी. १९ पिना, लॉक नाही, कोणाचा पाय अडकला की निघाली. फुल एचडीला १०-१५ मीटरपुढे मी तिच्यावर भरवसा ठेवत नाही. सोन्याचा मुलामा गंजू देत नाही, एवढंच. चित्र त्याने सुधारत नाही, हे मेव्हण्याला अजून पटलेलं नाही. एसडीआयला एकच कोअॅक्सियल वायर, केबल टीव्हीला असते तशी; एचडी सिग्नल तिच्यातल्या चांगल्या आरजी-६ प्रकारावरून १०० मीटरच्या आसपास जातो. तुटली तर केबल टीव्हीवाला जागेवर नवी पिन क्रिम्प करून, म्हणजे दाबून बसवून देतो. एचडीएमआय तुटली की फेकायची.

एसडीआयचा त्रासही आहे. थेट एसडीआय देणारे कॅमेरे महाग, आणि कन्व्हर्टरला वेगळी वीज लागते. त्याचा ॲडॉप्टर निघाला तरी वॉल काळीच. फोर-के, सेकंदाला ६० फ्रेमला १२जी एसडीआय (जास्त वेगाचं) लागतं आणि अंतर बरंच कमी होतं. ऑप्टिकल एचडीएमआय (आत प्रकाश नेणारे तंतू असलेली) ४० मीटर आरामात जाते, पण तिला कॅमेऱ्याचं आणि वॉलचं टोक ठरलेलं असतं, आणि जोरात मुडपली की गेली. लॅपटॉपवरून ओटीटीचं काही वॉलवर दाखवणार असाल तर एचडीसीपी (कॉपी रोखणारं कुलूप) अडवेल, ते वेगळं. घरी टीव्हीला मात्र खुशाल एचडीएमआय लावा, कॉम्प्युटरच्या मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट.

तुमचाही भागीदार खर्चावरून अडत असेल तर एसडीआयचा ड्रम स्वतःच्या पैशाने घ्या आणि भाडं हिशोबात वेगळं लावा. मी आता तेच करतो.