कोंबडी म्हातारी नाही झाली, तिला ऊन लागलंय

प्रश्न : ताई नमस्कार. नागपुरात मानेवाड्याला आमच्या गच्चीवर टिनाच्या शेडमधे सहा आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड जातीच्या) कोंबड्या आहेत, वय दीड वर्ष. होळीपर्यंत रोज चार अंडी तर कुठे गेली नव्हती, आता एप्रिलपासून एखादंच, अन् तेही इतक्या पातळ कवचाचं की हातात घेतलं की फुटते. दुपारभर चोची उघडून धापा टाकून राहिल्या. सासूबाई म्हणतात म्हाताऱ्या झाल्या, कापून टाक. मेडिकलमधून कॅल्शियमचं औषध आणलं, फरक नाही. काय करू?

उत्तर : वहिनी, आधी सांगते, कापू नका. दीड वर्षात कोंबडी म्हातारी नाही होत. हे सगळं उन्हाचं आहे, आणि सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवा हवं तर.

कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नसतात. तिचं अंग मुळात 41 अंशांच्या आसपास गरम राहते, म्हणजे आपल्याकडे पारा 45 वर गेला की बाहेरची हवाच तिच्या अंगापेक्षा तापलेली, मग तुऱ्यातून, पायातून गरमी बाहेर जाईल कशी? उरतात फक्त धापा. श्वासाबरोबर ओलावा बाहेर टाकून ती स्वतःला थंड ठेवून राहिली, पण त्याच श्वासातून कार्बन डायऑक्साइडही जरुरीपेक्षा जास्त निघून जातो. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्यातलं कार्बोनेट रक्तातल्या याच वायूपासून तयार होते. म्हणून तुमच्या औषधानं काम नाही झालं, कॅल्शियम पोचलं तरी जोडीदारच कमी पडतो. त्यात उन्हात ती खातेही कमी.

आता पहिलं काम टिनाचं. वरून चुना मारा, त्यावर तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, जाड थर टाका आणि अकराला अन् तीनला त्यावर पाणी मारा. पश्चिमेकडून ओलं बारदान लटकवा पण दुसरी बाजू मोकळी ठेवा, चारही बाजूंनी बंद केलं तर आत भट्टी होते. जुना कूलर पडून असेल तर लावून द्या, मे महिन्यात आपली हवा कोरडी असते म्हणून त्याचा खूप फायदा होतो. पण पाऊस लागला आणि हवा दमट झाली की तो कसा निकामी होतो ते नागपूरकराला सांगायला नको, कोंबड्यांचंही तसंच, तेव्हा पाणी मारणं बंद करा, नुसता पंखा ठेवा.

पाणी. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देते, तेच नळीतून भांड्यात येत असेल तर कोंबडी तोंड लावणार नाही. माझी एक कोंबडी अशाच एका नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, गेली, भांडं भरलेलं होतं, मला वाटलं पाणी आहे ना, बोट बुडवून पाहिलंच नाही मी. तेव्हापासून मातीच्या पसरट कुंड्या सावलीत ठेवते आणि दुपारी दोनदा माठातलं पाणी बदलते. तुम्हीही तेवढं करा.

दाणा पहाटे साडेपाचला आणि ऊन उतरल्यावर द्या, दुपारी नको, कारण पचवतानाही अंगात गरमी तयार होते. संध्याकाळच्या दाण्यासोबत शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, जिला हवा ती खाईल. कवचाचं बरंचसं काम रात्री चालते, म्हणून संध्याकाळी. ऊन उतरलं की अंडी हळूहळू परत येतील. थंडावा करूनही एखादी मान टाकून बसली, हिरवी विष्ठा करत असली, तर मात्र मानमोडीची (राणीखेत रोगाची) शंका घ्या आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

प्रश्न : बाजारात तपकिरी अंडं गावरान म्हणून दुप्पट भावानं विकतात. खरंच जास्त पौष्टिक असते का? (प्रतापनगर)

उत्तर : नाही. कवचाचा रंग जातीवर ठरतो, लेगहॉर्न पांढरं देते, आरआयआर तपकिरी, आणि पिंजऱ्यातल्या कितीतरी कोंबड्याही तपकिरीच अंडी देतात. बलक जास्त पिवळा असला तर कोंबडीला मका, हिरवा पाला मिळाला एवढंच समजा.

प्रश्न : 2024 च्या डिसेंबरात गोरेवाड्याच्या रेस्क्यू सेंटरमधे तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं गेले, तेव्हापासून घरात चिकन बंद आहे. आमची मांजर मात्र दुकानातून आणलेली कच्ची आतडी रोज खाते. आम्ही खावं की नाही? (काटोल रोड)

उत्तर : दादा, तुम्ही उलटं केलंय. तुम्ही खुशाल खा. मांस सगळीकडून 70 अंशांपर्यंत तापलं की विषाणू मरतो, आणि आपला रस्सा तर खळखळ उकळतो. फक्त कच्चं मांस धुताना शिंतोडे उडवू नका, चाकू-पाट साबणानं धुवा, अंडंही पूर्ण शिजवा. काळजी मांजरीची करा. वाघ-बिबटे तिच्याच कुळातले, हा विषाणू मांजरांनाही लागतो आणि त्यांचा जीव घेतो. कच्ची आतडी आजपासून बंद, तिला उकडून गार करून द्या, दोन दिवस रुसेल, मग खाईल.