वाचकांचे प्रश्न: कॉन्व्हेंटात जाणाऱ्या मुली, आणि परत येणाऱ्याही

कॅथलिक सिस्टर (नन) होऊन जगायच्या व्रतस्थ जीवनाच्या तयारीबद्दल बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडून आलेली चार पत्रं या वेळी घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत.

मुलगी यंदा दहावी झाली. सिस्टर व्हायचं म्हणते. एका धर्मसंस्थेच्या सिस्टर घरी येऊन ‘जूनपासूनच पाठवा’ म्हणाल्या. पाठवू का? (एक आई, खानापूर तालुका)

ताई, पाठवायला हरकत नाही, पण ती कुठल्या टप्प्यावर जाते आहे ते आधी स्पष्ट विचारा. दहावीनंतर मुलगी जाते ती आस्पिरंट, म्हणजे इच्छुक म्हणून. ती संस्थेच्या घरात राहते, शिकते, सिस्टरांचं जगणं जवळून बघते. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या व्रतांशी तिचा अजून काही संबंध नसतो. पुढे पोस्टुलन्सी, म्हणजे नॉव्हिशिएटआधीची तयारी येते, तिचा काळ प्रत्येक संस्था आपल्या नियमांप्रमाणे ठरवते. त्यानंतर नॉव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा घडणीचा काळ, किमान 12 महिने. त्यातल्या मुलीला नॉव्हिस म्हणतात. कॅथलिक चर्चच्या 1983च्या कायद्याप्रमाणे (कॅनन लॉ) वयाची 17 वर्षं पूर्ण होण्याआधी नॉव्हिशिएटला घेतलं, तर तो प्रवेशच अवैध ठरतो. पहिली व्रतं 18 पूर्ण झाल्यावर. ती तात्पुरती असतात, साधारण 3 ते 6 वर्षांसाठी. कायमची व्रतं 21च्या आत घेता येत नाहीत. म्हणजे तिच्या हातात भरपूर वेळ आहे. पीयूसीची (अकरावी-बारावीची) दोन वर्षं तरी ती पूर्ण करू दे.

त्या सिस्टरांना हे विचारा: पीयूसी कुठल्या कॉलेजात, फी कोण भरणार, सुट्टीत घरी किती दिवस पाठवणार? आणि मार्क कार्ड, टीसी, आधार यांच्या मूळ प्रती कुणाकडे राहणार? कॉलेजात प्रवेशाला लागतील तेवढ्यापुरत्या द्या, काम झालं की परत घ्या, संस्थेला झेरॉक्स पुरते. कागद दुसऱ्याच्या कपाटात असले की ‘मला घरी जायचंय’ हे वाक्य मुलीच्या तोंडून निघत नाही.

नॉव्हिशिएटच्या वेळी बाप्तिस्मा आणि दृढीकरण (कन्फर्मेशन) या दोन्हींचे दाखले आणि ती अविवाहित असल्याचं पत्र लागतं. आपल्याकडे घोळ होतो तो नावांचा. चर्चच्या वहीत ‘मारिया’, शाळेत आजीने ठेवलेलं नाव, आधारवर तिसरंच स्पेलिंग. दहावीचं मार्क कार्ड छापून आल्यावर ते बदलणं जिकिरीचं असतं. म्हणून आधार मार्क कार्डाप्रमाणे करून घ्या, आणि दोन्ही नावं एकाच मुलीची आहेत असं फादरांकडून लेटरहेडवर लिहून घ्या.

मी नॉव्हिशिएटमध्ये मदतीला आहे. मराठी शाळेतून आलेल्या दोघी नॉव्हिस सगळ्याला ‘हो सिस्टर’ म्हणतात आणि वैयक्तिक भेटीत गप्प बसतात. नॉव्हिस मिस्ट्रेसना, म्हणजे त्यांना घडवणाऱ्या सिस्टरांना, मराठी येत नाही. काय करावं? (एक सिस्टर, बेळगाव)

सिस्टर, या ‘हो’ला होकार समजू नका. नॉव्हिशिएटच्या घरात प्रार्थना इंग्रजीत, स्वयंपाकघरात कोंकणी, बाहेर कन्नड. मराठीत शिकलेली मुलगी दिवसभर अर्थ लावत राहते, आणि संध्याकाळच्या भेटीला बसेपर्यंत तिच्यात बोलायचं त्राण उरत नाही. मग वर्षअखेरच्या अहवालात ‘मोकळी नाही, पुढाकार घेत नाही’ असा शेरा पडतो. भाषेची अडचण स्वभावाचा दोष म्हणून नोंदली जाते. हा अन्याय आहे, आणि तो टाळता येतो.

दुसऱ्या नॉव्हिसला दुभाषी म्हणून बसवू नका. तिच्यासमोर कुणी मनातलं बोलत नाही, आणि बोललंच तर ते तिला झेपत नाही. तुमच्याच संस्थेतल्या दुसऱ्या घरातली मराठी जाणणारी सिस्टर महिन्यातून एकदा बोलवा. भेट सकाळी ठेवा. ‘कशी आहेस?’ याला उत्तर ‘बरी आहे’ हेच येणार. त्यापेक्षा ‘या आठवड्यात कुठल्या कामाचा कंटाळा आला?’ असं नेमकं विचारा. मननाची वही मराठीत लिहू द्या. उद्याचं वाचन आदल्या रात्री मराठी बायबलमधून वाचायचं आणि सकाळी इंग्रजीत ऐकायचं, एवढ्याने प्रार्थनेत लक्ष लागू लागतं. कन्नड मुळाक्षरं मात्र पोस्टुलन्सीतच सुरू करा, रोज अर्धा तास. पुढचं काम कन्नड बोलणाऱ्या गावांतच आहे.

शरीराकडेही बघा. ताटात भात तसाच राहणं, पोटदुखी, पाळी चुकणं, पहाटे झोप न लागणं. घर बदललं की हे होतं, पण महिना-दीड महिना चाललं तर डॉक्टर दाखवा, हिमोग्लोबिन तपासा. ‘सहन कर, हीही साधना आहे’ असं सांगू नका.

दोन गोष्टींवर चर्चचा कायदा स्पष्ट आहे. नॉव्हिसने मनातलं सांगावं म्हणून वरिष्ठांनी कुठल्याही प्रकारे तिच्यावर दबाव आणायचा नाही (कलम 630). ती आपणहून बोलली तर ऐका. आणि नॉव्हिशिएटचा काळ या घडणीशी थेट संबंध नसलेल्या कामांत घालवायचा नाही (कलम 652). बोर्डिंगची वॉर्डन सुट्टीवर गेली म्हणून नॉव्हिस तिथे, क्लार्क आला नाही म्हणून शाळेच्या ऑफिसात, असं चालत असेल तर गप्प बसण्याचं एक कारण तिथेही शोधा. ती दमली आहे.

बहीण नॉव्हिशिएटमध्ये आहे. आईचं ऑपरेशन आहे. तिला किती दिवस घरी आणता येईल? (एक भाऊ, निपाणी)

नॉव्हिशिएटच्या घराबाहेर 15 दिवसांपेक्षा जास्त राहिली तर तेवढे दिवस नंतर भरून काढावे लागतात. सलग असो वा तुकड्यातुकड्याने, 3 महिन्यांपेक्षा जास्त झालं तर नॉव्हिशिएट अवैध ठरतं, आणि मग त्यावर घेतलेली व्रतंही. ऑपरेशन आणि नंतरचा आठवडा 15 दिवसांत सहज बसेल. मिस्ट्रेसना तारखा लेखी कळवा. त्यांच्याकडे दिवसांची नोंद असतेच, तुमच्याकडेही असू द्या.

नॉव्हिशिएटमधून मुलगी परत आली. लोक ‘काढून टाकली’ म्हणतात. संस्थेकडून काही मागता येतं का? (वडील, बेळगाव)

नॉव्हिसला केव्हाही निघून येण्याची मोकळीक आहे. नॉव्हिशिएट असतंच ते पारखण्यासाठी, दोन्ही बाजूंनी. लोकांना ‘तिने ठरवलं आणि आली’ एवढंच सांगा, आणि तिच्यासमोर सांगा.

केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही. पण न्यायाने आणि प्रेमाने वागण्याचं बंधन संस्थेवर आहे (कलम 702). प्रवासखर्च, कपडे, पुढच्या शिक्षणाला थोडा हातभार, एवढं आदराने मागायला संकोच करू नका. पीयूसी अर्धवट असेल तर प्रवेशाच्या तारखा आधी बघा, वर्ष वाया जाऊ देऊ नका. पहिले काही महिने तिला रविवारी मिस्सेत वाचन करायला किंवा गायनमंडळात उभं करायला घाई करू नका. आणि मेजर सुपिरियरकडून, म्हणजे संस्थेच्या वरिष्ठ प्रमुखांकडून, तिच्याबद्दलचं पत्र आताच मागून ठेवा. उद्या तिला दुसऱ्या संस्थेत जावंसं वाटलं, तर तिथे ते लागतंच.